दोन ठिपके

चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरायच्या आत शकुनने आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. बालीगंजला भावाच्या घरी भाऊबीजेचे जेवण नुकतेच आटोपले होते. ओवाळणीचे तबक अजून टेबलावरच होते, वहिनी शैला सुपारी कातरत होती, आणि वरच्या मजल्यावरच्या मीनाक्षीबाई, बँकेतल्या बदलीच्या साहेबांच्या पत्नी, पुण्याहून टपालाने आलेला दिवाळी अंक मोठ्याने वाचून दाखवत होत्या. “म्यूऑन हा कण म्हणजे सरळमार्गी नोकरदार. घराबाहेर पडला की मोजून तेवढीच पावले चालतो आणि थांबतो. ना कोणाच्या अध्यात, ना मध्यात.” त्यांनी मान वर केली. “किती गोड लिहिलंय ना? आणि आपल्या कलकत्त्यातलेच हो. डॉक्टर श्यामकांत बखले. शकुनताई, तुमच्याच संस्थेत आहेत ना ते?” शकुन हो म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचे तिला नवल वाटले. मीनाक्षीबाई पुढे वाचू लागल्या. न्यूट्रिनो म्हणजे लग्नघरी येऊन पंगतीला न बसता, कोणाशी अवाक्षर न बोलता मागच्या दाराने निघून जाणारा पाहुणा. इलेक्ट्रॉन भित्रा, कोणाचा जरा धक्का लागला की वाट सोडणारा. प्रोटॉन थोराड, हट्टी, थकला तरी आडवळणाला न जाणारा. एकेक वाक्य येत होते आणि शकुन ते पुरे व्हायच्या आत मनात पुरे करत होती, आणि प्रत्येक वेळी ते तसेच्या तसे पुरे होत होते. “वन्सं, चहा निवतोय तुमचा,” शैला म्हणाली. शकुनने कप उचलला आणि थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

टेबल तेच होते. सोळा वर्षांपूर्वी आई असताना दर रविवारी दुपारी याच टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बखले बसत असे. नुकताच इंग्लंडहून आलेला, एकटा, खाणावळीतल्या मोहरीच्या तेलाने पोट बिघडलेला. परक्या गावात आपला एक मुलगा उपाशी राहतो म्हणून आईने त्याला रविवारचे जेवण लावून दिले होते, आणि त्यात आईच्या मनात आणखीही काही असेल तर ते तिने कधी बोलून दाखवले नाही. शकुन एम.एस्सी. होऊन त्याच्याच हाताखाली संशोधनाला लागली होती. काम म्हटले तर साधे. काचेच्या प्लेटवर फोटोच्या फिल्मसारखा रसायनाचा जाड थर दिलेला असतो. त्यातून एखादा कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक काळे ठिपके उठतात, आणि त्या ठिपक्यांची रांग मायक्रोस्कोपखाली शोधायची, मोजायची, लिहायची. कण कधीच दिसत नाही, तो गेला एवढे दिसते. दिवसाचे सात सात तास असे बघत राहिल्यावर तिला त्या रांगांचे स्वभाव दिसू लागले. ते तिने ठरवून केले नव्हते. म्यूऑन बाबांसारखा होता. दुसरा एक कण थांबून मोडला की त्यातून तो निघतो, आणि दर वेळी सहाशे मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडेसे जास्त, चालून थांबतो, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बाबा रोज कचेरीतून येऊन कपडे बदलत, घराजवळच्या तळ्यापर्यंत, लेकपर्यंत, चालत जात आणि त्याच बाकावर बसत. ती हे जेवताना बोलली तेव्हा बाबा आमटी भुरकता भुरकता हसले होते, आणि बखले ताटावरून पुढे वाकून म्हणाला होता, “आणखी सांग. प्रोटॉन कसा? इलेक्ट्रॉन?” आणि ती सांगत गेली होती. कोणी आपले इतके लक्ष देऊन ऐकावे याची तिला सवय नव्हती. बाबा जाऊन आता आठ वर्षे झाली होती. त्यांची लेकपर्यंतची चाल आज दिवाळी अंकात छापून आली होती, बखल्याच्या नावाने, आणि मीनाक्षीबाईंना ती गोड वाटत होती.

परतताना तिने एस्प्लनेडला ट्राम बदलली. स्वेटरवाल्यांनी फुटपाथ अडवला होता, माणसे अंगाला घासून जात होती, आणि ती मात्र डिसेंबर साठच्या त्या शुक्रवारी सेमिनारच्या खोलीत उभी होती. हातात खडू, समोर पंचवीस-तीस माणसे, पहिल्या रांगेत डायरेक्टर आणि त्यांच्या शेजारी परदेशी पाहुणा. फळ्यावर तिने एका कणाचा माग काढला होता. तो सरळ येऊन मधेच फुटला होता आणि त्याचे तीन फाटे झाले होते. आपोआप फुटला असला तर मोलाची गोष्ट, कारण तो नवा अल्पायुषी कण ठरला असता. पण फुटल्या जागी, जरा खालच्या पातळीवर, तिला दोन जाड काळे ठिपके दिसले होते. दोनच. ते दिसले तेव्हाच तिला वाटले होते की हा आपणहून फुटलेला नाही, वाटेत कोणाच्या तरी अंगावर आदळला आहे, आणि ज्याच्यावर आदळला तो तिथेच दोन पावलांवर घुश्शात बसला आहे. इंग्रजीत तिला दुसरा शब्द सुचला नाही. ‘कोणीतरी रुसून बसलंय’ असेच काहीसे ती म्हणाली. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बखल्याने पाइप तोंडातून काढला आणि पाहुण्याकडे बघत म्हटले, “मिस तेलंग, कण रुसत नाहीत. रुसतात त्या बायका.” खोली हसली. पाहुणा हसला, डायरेक्टर हसले, शेजारच्या टेबलावर काम करणारी अनिमादी ओठ दाबून खाली बघत हसली. हशा पुरा व्हायला किती वेळ लागला असेल? दहा सेकंद. ज्या मोजमापाने ती दिवसभर काम करत असे त्या मोजमापाने ते दहा सेकंद म्हणजे कित्येक कणांच्या कित्येक पिढ्या. पुढच्या सोमवारी टाइप केलेला कागद प्रत्येक टेबलावर आला. तीन ठिपक्यांपेक्षा लहान माग हा माग धरू नये, ती प्लेटवरची घाण समजावी. शेऱ्यांच्या रकान्यात मोजमापाखेरीज एक शब्द लिहू नये. खाली सही बखल्याची. महिन्याभराने डायरेक्टरांनी तिला बोलावून सांगितले की डॉक्टर बखल्यांच्या मते तिची नजर उत्तम आहे, पण संशोधकाला लागते ते मन तिच्याकडे नाही. प्रबंध बंद झाला. स्कॅनरची, म्हणजे नुसत्या प्लेटा तपासून देणाऱ्याची, कायम नोकरी मिळाली. ती प्लेट पुढच्या पावसाळ्यात बुरशीने गेली, आणि शकुन बरोबर होती की चूक हे कळायची सोयच उरली नाही. बखले मात्र त्यानंतर रविवारचा जेवायला यायचा थांबला. आई दोन-तीन रविवार त्याचे ताट घेत राहिली.

हे सगळे चौदा वर्षे तिने कानामागे टाकले होते असे तिला वाटत होते. रोज साडेनऊला येऊन ती लेन्सवर तेलाचा थेंब सोडत होती आणि संध्याकाळपर्यंत एका डोळ्याने त्या पिवळट उजेडात उतरत होती. संस्थेतले कोणीही शंका आली की म्हणे, तेलंगला विचारा. तिच्या नावाचा बंगालीत अर्थ गिधाड, आणि लहानपणी शाळेत त्यावरून पोरींनी तिला रडवले होते. इथे त्याच नावाचा दबदबा झाला होता. जे कोणाला दिसत नाही ते हिला दिसते. नजर हीच तिची एकुलती एक मिळकत होती. नवरा नाही, प्रबंध नाही, छापलेल्या कागदावर कुठे नाव नाही. पण एकोणचाळिसाव्या वर्षीही चष्म्यावाचून ती प्लेटच्या तळाशी पडलेला ठिपका वेगळा काढू शकत होती. आणि आता ट्राम श्यामबाजारकडे धावत असताना तिला स्वच्छ कळले की कानामागे काही टाकलेले नव्हते. बखल्याने तिला ज्या बोलण्यासाठी हसण्यावारी नेले, नापास केले, खुर्चीला खिळवून ठेवले, तेच बोलणे त्याने खिशात घालून ठेवले होते आणि वेळ येताच स्वतःचे म्हणून बाजारात मांडले होते. हसू तिच्या वाट्याला, कौतुक त्याच्या. तिचे सगळे अंग पेटून उठले.

त्या हिवाळ्यात तिने काहीच केले नाही. बखले जाता-येता दिसे. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, लेखाबद्दल महाराष्ट्रातून येणारी पत्रे कोणालाही थांबवून वाचून दाखवणारा. सॉल्ट लेकच्या भरावावर संस्थेची नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या नव्या विभागाचा प्रमुख तोच होणार असे सगळे धरून चालले होते. शकुन त्याला नमस्कार करत असे. मायक्रोस्कोपवर वाकली की तिच्या मनात एक विचार पुन्हा पुन्हा येई. इतक्या वर्षांत तिने कणांना बहुतेक सगळे स्वभाव देऊन पाहिले होते. भिडस्तपणा, हट्ट, चंचलपणा, एकलकोंडेपणा, रुसवासुद्धा. डूख मात्र कोणालाच दिला नव्हता. कारण डूख धरायला आठवण लागते, आणि कणाला आठवण नसते. जन्मल्यापासून हजार वर्षे झालेला आणि आत्ता जन्मलेला इलेक्ट्रॉन शेजारी ठेवले तर कोणता कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कशाने घाव घातला, कोण हसले, त्यांच्या अंगावर काही उरत नाही. माणसाच्या अंगावर उरते. चौदा वर्षांपूर्वीचा हशा तिच्या कानात कालच्यासारखा ताजा होता, आणि तो ताजा आहे याचा तिला थोडा अभिमानही वाटू लागला होता. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ती त्याला वर काढून बघे. आपल्याला काय हवे आहे ते तिला नेमके माहीत होते. तो असाच भर सभेत, असाच मोठ्या माणसांसमोर हसण्यावारी जायला हवा होता. कसा, ते तिला माहीत नव्हते. उट्टे काढायची घाई नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बखल्याने तिच्याकडे एक प्लेट पाठवली. संस्थेची पद्धत अशी होती की एकाने प्लेट तपासली आणि त्यात काही विशेष सापडले की दुसऱ्याने ती स्वतंत्रपणे तपासायची. काय सापडले, कुठे सापडले, हे त्याला सांगायचे नाही. दोघांची नोंद जुळली तरच ती खरी. शकुन मंगळवारी सकाळी बसली आणि पावणेअकराच्या सुमारास तिला तो सापडला. बारीक, वेगवान, सरळ आलेला माग, आणि चाळीस मायक्रॉनवर त्याचे एकदम तीन फाटे. त्या काळात जगभर लोक असल्याच कणाच्या शोधात होते. बखल्याला हे दिसले असणार आणि त्या रात्री त्याला झोप लागली नसणार. तिने सवयीने फोकसचे चाक अर्धी फेरी खाली फिरवले. फाटे धूसर झाले, आणि त्यांच्या मुळाशी, खालच्या पातळीवर, दोन जाड काळे ठिपके स्वच्छ उमटले. नवा कण नव्हता. जुनाच कोणीतरी वाटेत आदळला होता. ती बघत राहिली. आपल्याला आनंद झाला आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. तेवढ्यात आजही पुन्हा दिवा गेला. “जाः, आबार लोडशेडिंग,” अंधारातून अनिमादी म्हणाली आणि वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली. शकुनने जागचा हात हलवला नाही. वीज जाऊन येईपर्यंत जागा हरवू नये म्हणून प्लेट तशीच धरून ठेवायची असते. पंखे बंद पडले, मानेवरून घाम खाली ओघळला, आणि त्या पाऊण तासाच्या काळोखात तिने पुढचे सगळे ठरवून टाकले. तिला खोटे लिहावे लागणार नव्हते. तीन ठिपक्यांपेक्षा लहान माग हा माग धरू नये. नियम त्याचा, सही त्याची. ती फक्त त्याची आज्ञा पाळणार होती, चौदा वर्षे पाळत आली तशीच.

दिवे आले. तिने तक्ता भरला. कोन, लांबी, ठिपक्यांची दाटी, फाटे तीन. इतर माग: नाही. शेरा: काही नाही. खाली सही, तारीख. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बखले स्वतः तिच्या टेबलाशी आला. हातात तिचा तक्ता होता आणि तोंडावर असा भाव होता की तिला एकदम रविवारच्या जेवणांची आठवण झाली. “जुळलं, शकुन. अगदी तंतोतंत,” तो हलक्या आवाजात मराठीत म्हणाला. इतरांसमोर तो तिच्याशी इंग्रजीत बोलत असे. मग त्याने स्टूल ओढून घेतले. “तरी पण खरं सांग. तुला कसा वाटतो?”

“नियमाप्रमाणे सगळं लिहिलंय, सर.”

“ते वाचलं मी. तसं नाही विचारत. तुला बघितल्याबरोबर काहीतरी वाटतंच ना? पूर्वी तू सांगायचीस. हा असा, तो तसा. तुझ्या त्या भाषेत सांग.”

तो हसत नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती. इतका मोठा दावा करायचा आणि हात पोळायचे, म्हणून तो तिच्याकडे आला होता, आणि पुराव्यासाठी नाही तर तिने ‘हा खरा आहे’ म्हणावे म्हणून आला होता. शकुनला वाटले, आता एक शब्द बोलले तरी पुरे. अर्धी फेरी खाली बघा, एवढेच. तो उठून मायक्रोस्कोपवर वाकला असता, मग वाचलो म्हणून तिचा हात हातात घेतला असता, आणि महिन्याभरात ते स्वतःलाच दिसले असे सांगत सुटला असता. तेही त्याने खिशात घातले असते. “ती भाषा मी विसरले, सर,” ती म्हणाली. “आता मला फक्त मोजता येतं.” तो स्टूलवर मागे सरला. मग मान हलवून उठला, आणि जाताना तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखे करून गेला. ती जागा तिला संध्याकाळपर्यंत जाणवत राहिली.

मे महिन्यात शोधनिबंध लिहून झाला. त्याची प्रत सगळ्यांच्या टेबलांवर आली तेव्हा शकुनने वरवर चाळून बाजूला ठेवायचा बेत केला होता, पण पहिल्याच पानावर बखल्याच्या नावाखाली तिला तिचे नाव दिसले. श. तेलंग. आभाराच्या ओळीत नव्हे, लेखकांत. त्याने तिला विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. ती ते दोन शब्द बघत बसली. पंधरा वर्षांत जे मागावे असे तिला रोज वाटत होते आणि जे तिने कधी मागितले नाही, ते असे न मागता पदरात पडले होते, आणि पडले होते ते नासलेले. मोठेपणा दाखवायला त्याला हाच मुहूर्त सापडावा? तिला त्याचा आणखीच राग आला. कागद अजून संस्थेतच होते, आठ दिवसांनी परदेशी जायचे होते. ते आठ दिवस ती नीट जेवली नाही. बसमध्ये, आंघोळ करताना, प्लेटवर वाकलेली असताना एकच हिशेब चाले. तोंड उघडले तर तो वाचतो. नाही उघडले तर बुडतो, पण त्याच्याबरोबर हे दोन शब्दही बुडतात. एकदा ती त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. आत तो फोनवर कोणाला तरी हसत हसत सांगत होता की माझा हा कण मोठा मानी आहे, चाळीस मायक्रॉनपुढे कोणाचे उपकार घेत नाही. वाक्य वाईट नव्हते. तिला सुचले असते तर तिनेही असेच म्हटले असते. ती तशीच मागे फिरली, आणि आठव्या दिवशी कागद गेले.

जूनमध्ये सभागृहात बखल्याचे व्याख्यान झाले. डायरेक्टरांनी हार घातला, महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी नारळ दिला, मीनाक्षीबाई बालीगंजहून टॅक्सी करून आल्या होत्या. जुलैमध्ये परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मूळ प्लेट तपासायला मागवली. लाकडी पेटीत कापूस भरून ती विमानाने गेली, आणि त्या दिवसापासून शकुन टपाल येण्याची वेळ झाली की मान वर करू लागली. तिने त्या दिवसाची इतक्यांदा उजळणी केली होती की तो येऊन गेल्यासारखाच वाटे. उजळणीत बखले कागद फडकावत येई, सगळ्यांसमोर ओरडे, हे तुला दिसलं कसं नाही? आणि ती शांतपणे ड्रॉवरमधून टाइप केलेला जुना पिवळा कागद काढून त्याच्यापुढे धरी. सर, आपली सही. मग खोली हसे. अनिमादी हसे, डायरेक्टर हसत. दर उजळणीत हशा थोडा लांबत जाई.

पत्र सप्टेंबरात आले. दुपारची जेवणाची सुटी होती, खोलीत दुसरे कोणी नव्हते. बखले आला आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला. तो ओरडत नव्हता. दाढी केलेली नव्हती. “पत्र आलंय,” तो म्हणाला. “फाट्यांच्या मुळाशी खाली दोन ठिपके आहेत म्हणतात. कदाचित तीन. म्हणजे संपलंच. डायरेक्टरांना काल संध्याकाळी सांगून आलो. सॉल्ट लेकचं आता दुसऱ्या कोणाला देतील.” त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. “तू मनाला लावून घेऊ नकोस. मी लेखी दिलंय, जबाबदारी माझी एकट्याची म्हणून. तुझं नाव मीच घातलं होतं, तुला न विचारता.” तो बोलत राहिला, आणि त्याचा आवाज मऊ होत गेला. “चूक माझीच आहे. पंधरा वर्षं रोज सात सात तास. माणसाच्या डोळ्यांनी किती सोसायचं? माझी नजर मंदावली, तुझी मंदावणारच. मी आधीच विचार करायला हवा होता. तुला पहिल्या तारखेपासून ग्रंथालयात घ्यायला सांगितलंय मी. पगार तोच राहील. त्रास वाचेल डोळ्यांचा.”

तिला हवे होते ते सगळे तिच्यासमोर बसले होते. दाढी वाढलेले, पाठ वाकलेले, घडी घालता न येणारा कागद हातात धरून. तिच्यावर ठपका नव्हता, नोकरी शाबूत होती, आणि हे कोणी केले ते जन्मात कोणाला कळणार नव्हते. आता फक्त गप्प बसायचे काम उरले होते. ते तिला जमेना. नजर मंदावली. तिची. हा माणूस सगळीकडे सांगत फिरणार होता की बिचाऱ्या तेलंगला दिसले नाही. लोक हळहळणार होते. ग्रंथालयात तिला खिडकीजवळची खुर्ची देणार होते. त्या हशापेक्षा ही कीव तिला सोसवेना.

“मला दिसले होते,” ती म्हणाली.

“काय?”

“दोन्ही ठिपके. मंगळवारी पावणेअकरा वाजता. अर्धी फेरी खाली, डावीकडच्या फाट्याच्या मुळाशी. तिसरा नाही. तिसरा म्हणतात ती घाण आहे, त्यांना सांगा. तो कण मानीबिनी काही नव्हता. घाईत होता, समोर कोणी आहे हे त्याने बघितलं नाही आणि आदळला. बघितल्याबरोबर कळलं मला. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.”

समजायला बखल्याला वेळ लागला, आणि समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग नाही तर निखळ गोंधळ उमटला. “मग सांगितलं का नाहीस? मी विचारायला आलो होतो तुला. इथेच बसलो होतो.”

“साठ साली मी सांगितलं होतं. सेमिनारमध्ये. तेव्हाही दोनच होते.”

“कुठल्या सेमिनारमध्ये?”

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून बघितले. बघणे हाच तिचा धंदा होता. तिथे लबाडी असती तर तिला दिसली असती. तो खरोखर आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, मदत करू इच्छिणाऱ्या माणसासारखा. “बायका रुसतात असं म्हणालात तुम्ही,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर.” “मी?” तो म्हणाला. “असेन म्हणालो. काहीतरी थट्टा केली असेल. त्याला किती वर्षं झाली, शकुन?” तिने दिवाळी अंकाचे नाव काढले, त्यातला म्यूऑन कोण होता ते विचारले. “कोण म्हणजे?” तो म्हणाला. “तो लेख तर मी दोन संध्याकाळी लिहून काढला. आपोआप सुचत गेलं सगळं. मलाच नवल वाटलं होतं.” त्याच्या स्वरात त्या आठवणीनेही थोडे सुख होते. त्याच्याजवळ काहीच नव्हते. हशा नाही, टाइप केलेला कागद नाही, बाबा नाहीत, आईने घेतलेली रिकामी ताटे नाहीत. ज्या गुन्ह्यासाठी तिने त्याला बुडवले होते तो त्याने कधी केलाच नव्हता, निदान त्याच्या लेखी. आपण का बुडालो हे न कळताच तो बुडाला होता. असल्या सुडाचा काय उपयोग, असे तिला वाटले, आणि त्या विचाराने तिला पहिल्यापेक्षा दुप्पट राग आला. हे बोलून बसल्यावर ग्रंथालयही मिळणार नव्हते. नोकरीही बहुधा राहणार नव्हती. ते तिला दिसत होते, पण आता त्याचे काही वाटत नव्हते.

बखल्याने घड्याळ पाहिले आणि स्टूलवरून अर्धवट उठला. “डायरेक्टर थांबलेत. आपण हे नंतर…”

“बसा,” शकुन म्हणाली. ती त्याच्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. “डायरेक्टर थांबतील.”

तो बसला. बाहेर जिन्यात जेवून परतणाऱ्यांची पावले वाजू लागली होती, दार उघडेच होते, आणि तिने ते लावून घेतले नाही. “डिसेंबरचा दुसरा शुक्रवार,” ती म्हणाली. “तुम्ही खिडकीपाशी उभे होतात.” अनिमादी दारात येऊन थबकली, तिच्यामागे आणखी दोघे थांबले, आणि शकुन त्यांच्याकडे न बघता, एकही गोष्ट न गाळता, पहिल्यापासून सांगू लागली.